बाकीचा कागद

"बाकीचा कागद कुठाय?" असं मॅडमनी विचारलं तेव्हा वर्गात पंख्याचा तेवढा आवाज होता, आणि प्रश्न इतका साधा होता की तो आपल्यालाच आहे हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं. मॅडम वयानं तिच्या निम्म्या. आखूड केस, पायांत खेळाचे बूट, आणि वर्गातल्या सगळ्यांना बिनधास्त एकेरी हाक मारताना तिच्यापाशी आल्या की अडखळून 'ताई' म्हणणाऱ्या. त्यांच्या हातात तिनं घरी काढून आणलेली ईसीजीची पट्टी होती. तीन बोटं रुंद, वीतभर लांब, गुलाबी चौकटींचा कागद, कडा अशा कापलेल्या की सुतार बघून लाजेल, आणि मागे पांढरं कार्ड चिकटवलेलं. मॅडमनी पट्टी खिडकीच्या उजेडाकडे धरली. "सुंदर आहे हो. इतकं शहाणं हृदय मी अजून पाहिलं नाही. एक ठोका इकडचा तिकडे नाही. पण ताई, बाकीचा कागद कुठाय?" ती म्हणाली, "फेकला." "फेकला?" "खराब होता तो. मधे मधे तुटलेला. पेशंट हलला की होतं ना तसं. चांगला होता तेवढा कापून आणला." मागच्या बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं, मग शेजारचा हसला, मग सगळा वर्ग. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत, आणि तिला त्याचंच जास्त लागलं.

खाली बसताना तिनं चष्मा काढून पुसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं. तोंड लपवायला हाताशी दुसरं काही नव्हतं, इतकंच. या वर्गात येऊन तिला तीन महिने होत आले होते. पोरंपोरी तिला 'काकू' म्हणत, तिच्यासाठी पुढची खुर्ची ठेवत, आणि चहाला जाताना हळूच निघून जात. तिला त्याचं काही नव्हतं. परीक्षा पास व्हायची, ते प्रमाणपत्र हातात घ्यायचं, आणि परत या इमारतीचं तोंड बघायचं नाही, एवढंच तिनं मनाशी ठरवलं होतं. ती जिथं काम करायची त्या इस्पितळात आता जुनी यंत्रं निघणार होती. हृदयाच्या रुग्णांसाठी नवीन खोली होत होती, भिंतभर पडदे, प्रत्येक पडद्यावर कुणाच्या तरी छातीतला ठेका सरकणार, आणि त्या पडद्यांसमोर बसणाऱ्याला हार्ट ऱ्हिदम टेक्निशियनचं प्रमाणपत्र लागणार. ज्यांच्याकडे ते नसेल त्यांची बदली फायलींच्या खिडकीवर. फायलींची खिडकी म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. तिथं जाणारा माणूस हळूहळू खिडकीच्या रंगाचा होतो. तेव्हा शिकायचं, या वयात, घोकंपट्टी करून का होईना, पण शिकायचं. आणि त्या शिकण्यातली सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे स्वतःच्या हातानं काढलेल्या पट्ट्या जमा करणं, त्यात तरी आपला हात कुणी धरणार नाही, असं ती समजून चालली होती.

कारण इस्पितळात तिला कात्रीबाई म्हणत. हे नाव तिला चिडवायला पडलेलं नव्हतं, उलट मान होता त्यात. जुन्या यंत्रातून कागद निघतो तो एकाच लांबलचक फितीसारखा. हाताचा, पायाचा, छातीचा, एकेका जागेचा ठेका पाठोपाठ. फीत जमिनीवर लोळत राहते, आणि मग टेक्निशियननं त्यातले बरे तुकडे निवडून, कापून, कार्डावर ओळीनं चिकटवून डॉक्टरांपुढे ठेवायचे. ती कामाला लागली तेव्हा तिच्या आधीची बाई निवृत्त होत होती. त्या बाईनं पहिल्याच दिवशी तिच्या हातात कात्री देऊन सांगितलं होतं, "डॉक्टरांना पसारा दाखवायचा नाही. पेशंट खोकतो, थरथरतो, क्लिप निसटते, ते सगळं आपलं आपल्यापाशी. त्यांच्यापुढे गेलं पाहिजे ते देवघरासारखं स्वच्छ." आणि तिनं ते मनापासून उचललं. तिची कार्डं बघून मोठे डॉक्टर म्हणायचे, कात्रीबाई, तुमच्या हातात आलं की मरणारा माणूससुद्धा ठणठणीत दिसतो. सगळे हसायचे, तीही हसायची, आणि घरी येऊन जेवताना ते वाक्य एकदा तरी सांगायची. आता वर्गात बसल्या बसल्या ते वाक्य तिला आठवलं आणि पहिल्यांदाच ते तिला कौतुकाचं वाटेना.

मॅडम फळ्याकडे वळल्या होत्या. हसण्यावर पडदा पडावा म्हणून असेल, त्यांनी तोच विषय सगळ्यांसाठी काढला. फळ्यावर त्यांनी दोन रेघा ओढल्या. "ऐका रे. कागदात रिकामी जागा आली की दोन शक्यता. एक तर वायर सैल आहे, नाहीतर हृदय थांबलंय. ओळखायचं कसं? वरचा कप्पा हाक मारतो, ती ही लहान टेकडी. खालचा कप्पा ओ देतो, ते हे उंच शिखर. हाक, ओ, हाक, ओ. वायर निसटली तर दोन्ही जातात, रेघ वेडीवाकडी भटकते. पण रेघ सरळ आहे, आणि तिच्यावर लहान टेकड्या वेळच्या वेळी येतायत, फक्त शिखर नाही, तर ती वायर नव्हे. हाका चालू आहेत, ओ नाही. असला माणूस उभ्या उभ्या खाली पडतो. आणि ते कळायचा एकच मार्ग म्हणजे आपण ज्याला खराब म्हणतो तो कागद. म्हणून पट्ट्या अख्ख्या आणायच्या, कापलेल्या चालणार नाहीत." शेवटचं वाक्य तिच्याकडे न बघता म्हटलेलं होतं, पण वर्गातल्या प्रत्येकानं ते तिच्याकडे बघून ऐकलं. तिनं सगळं लिहून घेतलं. टेकडी, शिखर, हाक, ओ. कान इतके तापले होते की हात काय लिहितोय ते डोक्यापर्यंत पोचतच नव्हतं.

वर्ग सुटल्यावर ती मुद्दाम मागे रेंगाळली, मुलं निघून गेली मग जिना उतरली. बाहेर ऊन कलत होतं, दुकानांच्या काचांमधून तिचंच रूप तिच्याबरोबर चालत होतं, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी मोजपट्टी. हे असं पूर्वी कधी झालं होतं ते तिला चालता चालता आठवत गेलं. शाळेत असताना पाढे म्हणायला उभं केलं की ती मधला एखादा आकडा गाळून पुढचे धडाधड म्हणून टाकायची, आवाज इतका खणखणीत की बाईंच्या लक्षात यायचं नाही, आणि एकदा आलं. आई तर याबाबतीत तिची गुरूच. घरातल्या एकुलत्या एका एकत्र फोटोत थोरला भाऊ नेमका डोळे मिटून, तोंड वाकडं करून बसलेला, तर आईनं फोटो चौकटीत बसवताना तो कोपराच कापून टाकला. पुढे पाहुणे विचारत, मोठा मुलगा कुठं आहे यात, आणि आई न अडखळता सांगे, तो त्या दिवशी आजारी होता. भाऊ शेजारीच उभा असायचा. हे आठवून तिला हसू यायचं एरवी. आज नाही आलं. त्या फोटोत भावाचा एक हात राहून गेला होता, वडिलांच्या गुडघ्यावर ठेवलेला, मनगटापासून पुढचाच, आणि लहानपणी तिला त्या हाताची भीती वाटायची.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. परीक्षा आठवड्यावर आलेली, रडत बसायला वेळ नव्हता, म्हणून तिनं वही उघडली आणि मघाशी लिहिलेलं वाचायला घेतलं. रेघ सरळ आहे. लहान टेकड्या वेळच्या वेळी. शिखर नाही. तिनं ते पाठ करायच्या बेतानं पुटपुटून पाहिलं, डोळे मिटून पुन्हा म्हणून पाहिलं, आणि मिटल्या डोळ्यांसमोर फळा यायच्या ऐवजी घरातली पलंगाशेजारची बादली आली. कापलेले तुकडे ती त्या बादलीत टाकायची. परवाचाच तुकडा, गुंडाळी होऊन बादलीच्या काठावर अडकलेला, तिनं तो बोटानं आत ढकलला होता, आणि ढकलताना त्यावर सपाट रेघ होती, आणि रेघेवर लहान लहान, गोल, अगदी शिस्तीत चाललेले उंचवटे होते. तिला ते तेव्हाही दिसले होते. कापताना नजर जाते तिथं, डोळा बघतोच. तिला ते बरेही दिसले होते, शिवणीच्या टाक्यांसारखे एकसारखे, आणि तरीही तिनं म्हटलं होतं, "अण्णा, पुन्हा हललात ना?"

बस थांबली, माणसं उतरली, चढली. ती वहीकडे बघत राहिली. अण्णा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म शाळेत कवायतीचे मास्तर. निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली तरी गल्लीतून जाताना मिशा फुटलेली मोठमोठी माणसं त्यांना पाहून अजून पाठ ताठ करत. त्यांच्या सगळ्या विद्येचा गाभा एका शब्दात होता, सावधान. सावधान म्हटलं की नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही, ते सांगायचे, आणि जेवताना नातेवाइकांना करूनही दाखवायचे, हातात पाण्याचा पेला घेऊन, पाणीसुद्धा हलायचं नाही. इस्पितळानं भंगारात काढलेलं जुनं यंत्र तिनं सरावाला घरी आणलं तेव्हा प्रश्न होता की सरावाला माणूस कोण. नवरा दिवसभर कामावर, आणि तो झोपला की घोरतो, त्याच्या छातीवर यंत्राचे चिकटवायचे रबरी फुगे टिकत नाहीत. अण्णा स्वतःहून म्हणाले, "मी आहे की. मला काय काम आहे?" पण पहिल्या दिवशी शर्टाची बटणं काढताना त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. सुनेसमोर उघड्या छातीनं पडायचं, त्यांना ते किती जड गेलं हे तिला दिसलं, आणि तिनं मुद्दाम दवाखान्यातल्यासारखा कोरडा आवाज काढला, जेली गार लागेल हं, हात सैल सोडा. त्यांनी डोळे मिटून घेतले ते पट्टी संपेपर्यंत उघडले नाहीत. खाली जाऊन मात्र त्यांनी पेपरवाल्याला, वाण्याला, भेटेल त्याला सांगितलं, आमची सून हृदयाचं चित्र काढते, माझ्यावर शिकतेय.

आणि ती त्यांच्यावर करवादत होती. पहिल्या आठवड्यात नीट बोलली, मग अभ्यासाचा ताण चढत गेला तसा आवाज चढत गेला. अण्णा, हलू नका. अण्णा, पुन्हा तेच, जरा दम धरा ना. अण्णा, तुम्ही कसले कवायतीचे मास्तर हो, मिनिटभर स्वस्थ पडवत नाही. हे शेवटचं वाक्य तिनं खरोखर म्हटलं होतं, मागच्याच आठवड्यात, आणि म्हणताना गंमत केल्याचा आव आणला होता. अण्णा हसले नव्हते. ते म्हणाले, "हललो वाटतं. कळत नाही बघ आताशा." त्यानंतर ते पलंगावर असे पडायला लागले की बघवेना, जबडा आवळलेला, हातांच्या मुठी, श्वास धरून ठेवलेला, आणि तिला मुठींमुळे रेघ थरथरते म्हणून पुन्हा ओरडावं लागायचं. बसच्या खिडकीशी बसून आता एकेक गोष्ट तिच्या अंगावर येत गेली. न्हाणीघरात पडून कोपर सोलून घेतलं त्या दिवशी ते म्हणाले होते, फरशी ओली होती, आणि तिनं फरशी पुसायचा फडका त्यांच्या हातात दिला होता, मग पुसून घेत जा. हातातून कप सुटला. वाचता वाचता मान एकदम खाली गेली, आणि नवरा म्हणाला, अण्णांची डुलकी. आणि जिना. गेले काही दिवस ते वर येताना मधल्या वळणावर बसलेले दिसायचे. विचारलं की सांगायचे, बुटाची नाडी सुटली. शेजारीण एकदा खोचकपणे म्हणाली होती, तुमचे सासरे जिन्यातच असतात हल्ली, घरात करमत नाही का, आणि तिला त्या बोलण्याची लाज वाटली होती. नाडीची गाठ कवायतीच्या मास्तरची, ती उभ्या जन्मात कधी सुटली नाही, हे तिला तेव्हा सुचलं नव्हतं.

उतरायचा थांबा आला तशी ती उतरली. पाय लगबगीनं निघाले होते, पण इमारतीच्या फाटकाशी येऊन थबकले. तिथं एक सिमेंटचा बाक होता, त्याच्यावर ती बसली. नंतर कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची ती या बसण्याची. वर घरात माणूस, आणि तिला कळलेलं काय, तर तो माणूस कुठल्याही क्षणी जिन्यात कोसळू शकतो. अशा वेळी ती खाली बसून विचार काय करत होती, तर हे सांगायचं कसं. खरं तर त्याहून वाईट. सांगायचं काय, हेही तिच्या मनात आपोआप जुळून येत होतं, कात्री न लागता. वर जायचं, रोजच्यासारखं म्हणायचं, अण्णा, सरावाला पडता का जरा. पट्टी काढायची. रिकामी जागा येईल तेव्हा एकदम थांबायचं, वाकून बघायचं, म्हणायचं, अण्णा, हे काय दिसतंय मला? आणि मग धावपळ, इस्पितळ, मोठे डॉक्टर, आणि मोठे डॉक्टर म्हणणार, कात्रीबाई, तुम्ही वेळेवर पकडलंत. नवरा सगळ्यांना सांगणार, हिचा अभ्यास होता म्हणून. अण्णा तर काय, पेपरवाल्यापासून सुरुवात करतील. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आजच कळलं होतं, आजच पकडणार होती. बाकीचं फक्त गाळायचं होतं, मधला एक आकडा, फोटोचा एक कोपरा, आणि बादली तर केव्हाच रिकामी झालेली. वर्गातल्या पोरांच्या हसण्यानं ती अर्धा रस्ता जळत आली होती, आणि ज्याच्यासाठी जळायला हवं होतं ते मात्र या बाकावर इतकं सुखाचं वाटत होतं. ते सुख तिला जाणवलं मात्र, आणि ती ताडकन उठली.

अण्णा मधल्या वळणावर बसलेले होते. तिची चाहूल लागली तसे ते खाली वाकले आणि दोन्ही हातांनी बूट धरला. "नाडी," ते म्हणाले. नाडी घट्ट बांधलेली होती. तिनं त्यांच्या हाताखाली हात घातला. असं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं, म्हणून ते चमकले, पण उठले. घाम होता त्यांच्या मनगटाला, गार. "अण्णा, चक्कर आली का?" "छे, चक्कर कसली." मग चार पायऱ्या चढून गेल्यावर, पुढे बघत, "दिवा जातो ना मधेच, तसं होतं जरासं. जातं आणि येतं. तुझी परीक्षा होऊन जाऊ दे म्हटलं, मग बघू." दार उघडून तिनं त्यांना पलंगावर बसवलं, पाणी दिलं, आणि यंत्राची पेटी ओढली. "आज पण सराव?" त्यांनी विचारलं आणि लगेच, आज्ञा झाल्यासारखी, बटणं काढायला घेतली. मनगटं त्यांची वाळलेल्या शेंगेसारखी झाली होती. तिनं जेली लावली, क्लिपा लावल्या, एकेक दोनदा दाबून बघितली. वायरचं निमित्त आज तिला नको होतं. अण्णांनी डोळे मिटले, जबडा आवळला, मुठी वळल्या, छाती भरून श्वास घेऊन धरून ठेवला. "श्वास सोडा अण्णा," ती म्हणाली. "हात सैल सोडा. हलायचं असेल तर हला खुशाल." "नको, आज नाही हलणार मी," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "आज मन लावून पडतो बघ."

तिनं बटण दाबलं. कागद निघू लागला. हाक, ओ. हाक, ओ. यंत्राची सुई जुनी, तिचा कुरकुर आवाज, कागद पलंगाच्या कडेवरून खाली उतरला, जमिनीवर त्याची पहिली घडी पडली. एरवी एवढ्यात ती बटण बंद करायची, चांगला तुकडा मिळालेला असायचा. आज तिनं चालू ठेवलं. कात्री टेबलावर होती, सवयीनं हात तिच्याकडे गेला आणि परत आला. दुसरी घडी पडली, तिसरी. खालून कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला, अण्णांची पापणीसुद्धा लवली नाही. आणि मग सुईचा आवाज बदलला. शिखर आलं नाही. लहान टेकडी आली, रेघ सरळ गेली, पुन्हा लहान टेकडी, पुन्हा रेघ, हाक, हाक, हाक, आणि तिनं अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं तर रंग उतरत चाललेला, ओठ सैल पडलेले, आवळलेला जबडा आपोआप सुटलेला. ती त्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवणार, इतक्यात सुई खाडकन वर उसळली. ओ आली. मग पुन्हा एक, आणि मग एकेक नीट लागत गेलं. सबंध वेळ अण्णांचे हात पलंगावर होते तिथेच होते, फक्त मुठी सुटल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले, क्षणभर ते कुठं आहेत हे त्यांना कळेना, मग तिच्याकडे पाहून त्यांनी घाईघाईनं मूठ पुन्हा वळली.

"हललो का गं मी?" त्यांनी विचारलं.

तोंडाशी आलेलं वाक्य तयार होतं, खाली बाकावर बसून घासूनपुसून केलेलं. ती ते म्हणाली नाही. "नाही अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही हलला नाहीत. आज नाही, परवा नाही, आधीच्या कुठल्याच वेळी नाही. तुमचं हृदय मधेच थांबतं. कागदावर ते रोज येत होतं. मला ते वाचता येत नव्हतं, मी वाईट दिसतं म्हणून कापून टाकत होते, आणि तुम्हाला रागवत होते." एका दमात बोलून झालं आणि मग तिला रडू फुटलं. रडतानाही तिनं कागद चालूच ठेवला होता, दुसरा हात त्यांच्या मनगटावर. अण्णा छताकडे बघत होते. आपलं हृदय थांबतं हे त्यांनी ऐकलं होतं की नाही कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्यावर भीती यायला हवी होती. आलं ते भलतंच. कपाळ मोकळं झालं, मिशीखाली ओठ जरासे ताणले गेले, आणि पुष्कळ दिवसांनी त्यांनी हाताच्या मुठी उघडल्या. "म्हणजे मी हलत नव्हतो," ते म्हणाले.

"नव्हता."

"तरी मला वाटायचं, आपण पडलोय अगदी नीट. मग हललो कसे? रात्री एकटा पडून करून बघायचो गं. पंख्याकडे बघत. तेव्हा जमायचं."

तिनं मान खाली घातली. "मग बोलला का नाहीत अण्णा? मला एकदा तरी म्हणायचं, मी हललो नाही म्हणून."

"असं कसं म्हणू?" अण्णांना तो प्रश्नच विचित्र वाटला. "तुला यातलं कळतं. तू म्हणालीस, हललात. म्हणजे हललोच असेन."

तिनं एका हातानं फोन ओढला, आपल्याच इस्पितळाचा नंबर लावला आणि अँब्युलन्स मागवली. पलीकडून ओळखीच्या आवाजानं, काय कात्रीबाई, म्हटलं, तेव्हा तिनं फक्त पत्ता सांगितला. मग यंत्र बंद करून ती खाली बसली आणि जमिनीवर पडलेला कागद घडीवर घडी घालत गोळा करू लागली, रिकाम्या जागेसकट, सगळा. अण्णा वरून बघत होते. अँब्युलन्स येईपर्यंत त्यांनी शर्टाची बटणं लावली नाहीत, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं नाही.